करते, पण कळत नाही: नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी शिक्षणाचं ध्येय कसं ठरवावं

संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. १८ वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी एका परदेशी ग्राहकाचं ऑडिट व्हिडिओ कॉलवर झालं. समोरच्या बाईंनी आमचा गेज आर अँड आरचा, म्हणजे आपली मोजणी किती भरवशाची आहे ते तपासणारा, कागद स्क्रीनवर मोठा केला आणि विचारलं, "हे २२ टक्के आलंय. यातला फरक गेजमुळे किती आणि मोजणाऱ्या माणसांमुळे किती?"

तो कागद मीच भरलेला होता. १० नग, ३ माणसं, प्रत्येकाने प्रत्येक नग ३ वेळा मोजायचा, एकूण ९० आकडे. ते शीटमध्ये टाकले की खाली टक्का येतो. १० च्या आत आला तर उत्तम, १० ते ३० च्या मध्ये आला तर काम बघून चालवून घ्यायचा, ३० च्या वर गेला तर ती मोजणी चालत नाही. एवढं मला पाठ होतं. ११ वर्षं मी ही शीट भरत होते. पण तो टक्का नेमका कशाचा, हे मला सांगता येईना. इंग्रजी आडवं आलं म्हणावं, तर साहेबांनी तोच प्रश्न मराठीत सांगितला तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी मोबाईलवर तीन कोर्सना नाव नोंदवलं. एक इंग्रजी संभाषणाचा, एक डेटा ॲनालिटिक्सचा, एक व्यवस्थापनाचा. नव्याचे नऊ दिवस गेले आणि तिन्ही अर्धवट राहिले. पुढे दोनेक वर्षं चुकत-सुधारत जे जमलं, ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. वय ३५ ते ५० च्या मध्ये, घर आहे, हप्ते आहेत, शिफ्ट किंवा शेती आहे, आणि तरी पुन्हा शिकावंसं वाटतंय, अशा आपल्याकडच्या माणसांसाठी हे आहे.

पहिली पायरी: जग तुमच्या टेबलावर कुठून येतं ते टिपा

"जग बदललंय, तुम्हीही बदला" असं सगळेच सांगतात. त्याने फक्त धास्ती वाढते. मला उपयोग झाला तो एका साध्या नोंदीचा. सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवायची. आपल्या कामातल्या ज्या गोष्टीचा निर्णय जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर, देशाबाहेर झालाय, ती दिसली की एका ओळीत लिहायची. इलाज शोधायचा नाही, फक्त टिपायचं.

माझा मावसभाऊ औसा तालुक्यात शेती करतो आणि गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब बघतो. त्याला मी ही वही करायला लावली. तो म्हणाला, "आक्का, माझा काय संबंध जगाशी? मी आपला लातूरच्या आडतीला सोयाबीन घालतो." सातव्या दिवशी त्याच्या वहीत नऊ ओळी होत्या. सोयाबीनचा भाव ब्राझीलच्या पिकावर हलतो, कारण जगात सगळ्यात जास्त सोयाबीन तिथे पिकतं. आपला देश खाद्यतेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीवर भागवतो, म्हणून आयातशुल्क हललं की आडतीतला भावही हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लावलं गेलं आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं. या दोन तारखा त्याने स्वतः शोधून लिहिल्या होत्या. हमीभावाच्या खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, हे त्याला आधीच ठाऊक होतं. पण आपल्या गोदामातला ओलावा मोजायचं यंत्र बरोबर दाखवतं की नाही, हे त्याने कधी तपासलं नव्हतं. त्या एका ओळीवर त्याचं पुढचं सगळं शिक्षण उभं राहिलं.

आमच्याकडच्या कारखान्यांचं उदाहरण घ्या. युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या मालावर कार्बनचा हिशेब लावायला सुरुवात केली. त्या व्यवस्थेला सगळे सीबॅम म्हणतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून त्यात पैशांचा भाग आला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत हे त्यात आहेच, बोल्ट-नटही आहेत. जालन्याच्या भट्ट्यांमधली सळई बहुतेक आपल्याच देशात बांधकामाला जाते. पण युरोपला बोल्ट पाठवणारा कारखाना आपल्याला कच्चा माल देणाऱ्याला विचारतोच, की हे पोलाद कुठल्या भट्टीतलं, एका टनामागे वीज किती लागली, कार्बन किती. हा प्रश्न शेवटी डिस्पॅचला बसलेल्या किंवा लॅबमध्ये नमुना तपासणाऱ्या माणसाच्या टेबलावर येऊन पडतो. त्याच्यासाठी जागतिकीकरण म्हणजे तो एक तक्ता.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या, बँकेच्या खिडकीवर बसणाऱ्या, औषधांच्या दुकानातल्या माणसाच्या वहीत वेगळ्या ओळी येतील. त्या त्यांनीच टिपायच्या, दुसऱ्याच्या बघून लिहायच्या नाहीत.

दुसरी पायरी: तीन रकाने

वहीचं नवं पान घ्या. तीन रकाने आखा.

पहिल्यात: करते आणि कळतं.
दुसऱ्यात: करते, पण कळत नाही.
तिसऱ्यात: करताच येत नाही.

बहुतेक जण शिकायचं ठरवताना थेट तिसऱ्या रकान्याकडे धावतात. मीही तेच केलं होतं. डेटा ॲनालिटिक्स माझ्या तिसऱ्या रकान्यातलं होतं. रोजच्या कामाशी त्याचा धागा नव्हता, त्यामुळे शिकलेलं वापरायला जागाच मिळेना आणि आठवड्यात विसरायला होई. विशीतल्या पोरांना हे परवडतं. त्यांच्या हातात वेळ असतो आणि त्यांना नवा धंदा निवडायचा असतो.

आपली कमाई मधल्या रकान्यात असते. १५-२० वर्षं जे हाताने करतोय, पण "का" विचारलं की गप्प होतो, ते सगळं तिथे येतं. माझ्या मधल्या रकान्यात गेज आर अँड आर होतं, ग्राहकाच्या तक्रारीवर भरायचा एट-डी रिपोर्ट होता, ड्रॉइंगवरच्या काही खुणा होत्या ज्या मी ओळखते पण ज्यांचा अर्थ सांगू शकत नाही. मावसभावाच्या मधल्या रकान्यात ओलाव्याचं यंत्र होतं आणि जीएसटीचा एक भाग होता, जो तो दर महिन्याला आधीच्या महिन्याचं बघून भरायचा.

या रकान्यातली गोष्ट शिकायला कमी वेळ लागतो, कारण हात आधीच तयार असतो. ती शिकली की दुसऱ्या दिवशी वापरता येते. आणि जगाचा प्रश्न येतो तोही बहुतेक याच रकान्यावर. बाहेरचा माणूस "तुम्ही हे करता का?" असं एकदाच विचारतो. "का करता, कसं ठरवलं?" हे पुन्हा पुन्हा विचारतो.

हे पान भरायला मला दोन रविवार लागले. खरं लिहायला धीर लागतो. वही कुणाला दाखवायची नाही असं ठरवलं, तेव्हा मधला रकाना भरत गेला.

तिसरी पायरी: एकच निवडा

मधल्या रकान्यात सात-आठ गोष्टी निघतील. त्यातली एक घ्यायची. दोन नाही. निवडताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. पुढच्या सहा महिन्यांत हे कामात लागणार आहे का? उद्या ही कंपनी सुटली, तरी दुसरीकडे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशातल्या कामातही हे चालेल का? आणि एखाद्या रविवारी दुपारी, कुणी सांगितलं नसताना, मी याचं पुस्तक उघडेन का?

दुसरा प्रश्न नीट तपासा. आमच्या कंपनीचं स्वतःचं एक सॉफ्टवेअर आहे. ते शिकलं तर इथे सोय होते, दाराबाहेर त्याचा उपयोग शून्य. मोजणीचं शास्त्र मात्र पुण्यात, चेन्नईत, जर्मनीत सारखंच आहे. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या मानकातच मोजणीच्या पद्धतीचा असा अभ्यास (त्याला एमएसए म्हणतात) करायला सांगितलंय, आणि हे मानक जगभर चालतं. म्हणून मी गेज आर अँड आर निवडलं.

तिसऱ्या प्रश्नाला "नाही" आलं तरी हरकत नाही, पण मग मुदत लहान ठेवा. आवड नसलेली गोष्ट सहा आठवड्यांच्या पुढे नेणं अवघड जातं.

चौथी पायरी: ध्येयाचं वाक्य लिहा, आणि त्यात एक माणूस बसवा

कंपनीत अप्रेझलच्या फॉर्मवर "स्मार्ट गोल" लिहायला लावतात. ही कल्पना जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये मांडली, ती व्यवस्थापकांनी कामाची उद्दिष्टं कशी लिहावीत यासाठी. मोजता येईल असं लिहा, तारीख घाला, हे तिच्यातलं घेण्यासारखं आहे. पण शिकण्याच्या ध्येयाला तेवढं पुरत नाही. "३१ मार्चपर्यंत कोर्स पूर्ण करेन" हे वाक्य मोजता येतं, तारीखही आहे. तरी कोर्स पूर्ण होऊन, प्रमाणपत्र भिंतीवर लागूनही माणूस ऑडिटला गप्प बसू शकतो.

माझ्या वाक्यात चार गोष्टी लागतात. मी काय करून दाखवेन, कुणासमोर, कोणत्या तारखेला, आणि मागे काय उरेल. यातलं "कुणासमोर" बहुतेकांचं सुटतं. समोर माणूस नसला की आपण स्वतःला सहज पास करून टाकतो.

पहिला खर्डा होता: "मला एमएसए नीट समजून घ्यायचं आहे." यात काहीच पकडता येत नाही. "समजून घेणं" कुणाला दिसत नाही. शिक्षणशास्त्रात बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये उद्दिष्टांची एक उतरंड मांडली. आठवणं, समजणं, वापरणं, पृथक्करण करणं, अशा तिच्या पायऱ्या आहेत. शिक्षकांना ती बी.एड.ला शिकवतात. आपल्याला तिचा उपयोग एवढाच, की क्रियापद बदललं की ध्येय बदलतं. म्हणून "शिकेन, समजून घेईन, अभ्यास करेन" ही क्रियापदं खोडा. त्यांच्या जागी "काढेन, लिहीन, दुरुस्त करेन, समजावून सांगेन, शोधून दाखवेन" यातलं एक घाला.

चौथ्या खर्ड्यात माझं वाक्य असं झालं (बोअर म्हणजे भागातलं गोल भोक, आणि बोअर गेज म्हणजे त्याचा आतला व्यास मोजायचं साधन): "३१ जानेवारीला मी आमच्या बोअर गेजच्या ९० आकड्यांतून गेजमुळे आलेला फरक आणि माणसांमुळे आलेला फरक हाताने वेगळा काढून, शिफ्टमधल्या चार इन्स्पेक्टरना फळ्यावर मराठीत समजावून सांगेन. त्याचं एक पान लिहून लॅबच्या फाइलला लावेन."

मावसभावाचं वाक्य: "नवं सोयाबीन यायच्या आधी, १५ सप्टेंबरला, मी आमच्या यंत्राचा ओलावा आणि प्रयोगशाळेतला ओलावा पाच नमुन्यांवर ताडून बघेन आणि फरकाचा तक्ता संचालकांच्या बैठकीत मांडेन."

इंग्रजीचं ध्येय सगळ्यांना हवं असतं आणि सगळ्यात मोघम तेच लिहिलं जातं. "इंग्रजी सुधारायचं आहे" असं लिहू नका. कुठलं इंग्रजी? मेलचं, फोनवरचं, की मुलाच्या शाळेतलं? माझं दुसऱ्या सहामाहीतलं वाक्य होतं: "ग्राहकाच्या तक्रारीला मी एक पानाचं इंग्रजी उत्तर लिहीन, आणि साहेब ते न बदलता पाठवतील." कसोटी "न बदलता" या दोन शब्दांत होती. पहिल्या उत्तरात साहेबांनी ११ ठिकाणी खुणा केल्या, दुसऱ्यात ६, चौथ्यात एकच, तीही स्वल्पविरामाची. ते चारही कागद माझ्याकडे आहेत.

पाचवी पायरी: तास मोजा, आणि घरच्यांशी बोला

इथे बहुतेक ध्येयं मोडतात, म्हणून जरा थांबून लिहिते.

आठवड्याचे तास कागदावर मांडा. माझी कंपनीची बस मुकुंदवाडीहून सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी निघते. चार पहाटे पाऊण-पाऊण तास, म्हणजे ३ तास. रविवारी दुपारी २. आठवड्याला ५, बारा आठवड्यांचे ६०. हा कागदावरचा आकडा. आता त्यातून वजा करा. संभाजीनगरला राहणाऱ्यांना सांगायला नको, नळाला पाणी येतं त्या दिवशी दुसरं काही होत नाही. टाक्या, पिंप, हंडे भरायचे असतात, आणि पाणी पहाटे आलं तर अभ्यासाची पहाट गेली. लगीनसराईतले रविवार गेले. मार्चअखेर गेला. पोरगं आजारी पडलं तो आठवडा गेला. शेती असेल तर पेरणी आणि काढणीचे आठवडे आधीच खोडून टाका. माझे ६० चे ४० झाले. ध्येय ४० तासांचं ठरवलं आणि ते जमलं. ६० चं ठरवलं असतं तर तिसऱ्या आठवड्यापासून मागे पडल्याचं ओझं घेऊन फिरले असते.

बसमधला वेळ मी यात धरत नाही. ऐकणं होतं, पण गणित सोडवणं किंवा लिहिणं होत नाही. आधी शिकलेलं कानावरून जाऊ द्यायला तो चांगला.

मग घरच्यांशी बोला. "मी शिकते आहे, मला सांभाळून घ्या" असं मोघम बोलू नका. नेमकं मागा. मी सासूबाईंना आणि मिस्टरांना समोर बसवून म्हणाले, "जानेवारीअखेरपर्यंत सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, पहाटे पावणेपाच ते साडेपाच मला कुणी हाक मारायची नाही. डबे साडेपाचनंतर." मिस्टरांनी विचारलं, "जानेवारीनंतर काय?" मी म्हणाले, "नंतर पुन्हा विचारीन." शेवटची तारीख कळली की घरच्यांना हो म्हणणं सोपं जातं. सासूबाई म्हणाल्या, "पहाटंचा चहा मी ठेवीन. तू वाच." त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. या अभ्यासात त्यांचा वाटा चहापुरता राहिला नाही, ते पुढे सांगते.

बायकांनी ही पायरी अजिबात गाळू नये. आपला वेळ आपलाच आहे असं गृहीत धरलं की तो सगळ्यांचा होतो.

सहावी पायरी: आता कोर्स शोधा

कोर्सचा नंबर सहावा लागतो. आधी वाक्य, मग त्याला लागेल तेवढाच कोर्स.

आयआयटी आणि आयआयएससीने मिळून २००३ मध्ये एनपीटेल हा ऑनलाइन शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे २०१७ पासून केंद्र सरकारचं स्वयम हे ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ आलं. एनपीटेलचे कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. नाव नोंदवणं, व्हिडिओ, दर आठवड्याची असाइनमेंट हे फुकट आहे. प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची आणि तिची फी भरायची. गुणांत असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. नोकरी करणाऱ्याने पहिल्यांदा ४ किंवा ८ आठवड्यांचाच घ्यावा. १२ आठवड्यांत आपल्याकडे दोन सण आणि एक लग्न येतंच.

पदवी राहिली असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. त्याची अभ्यासकेंद्रं आपल्याकडच्या महाविद्यालयांतही आहेत आणि मराठीतून शिकता येतं. इग्नू हे केंद्राचं मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आहे, तिथे जानेवारी आणि जुलै असे दोन प्रवेश असतात. एप्रिल २०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायची मुभा दिली आहे. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ, असंही चालतं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घेण्याआधी त्या वर्षासाठी त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते त्यांच्या यादीत स्वतः बघा. जाहिरातीवर विसंबू नका.

हाताने शिकायचं असेल तर संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे. टूल आणि डाय, सीएनसी, मोजणी, असे लहान-मोठे कोर्स तिथे होतात. शेतीच्या प्रश्नाला आपल्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र गाठा, किंवा १९७२ पासून परभणीत असलेलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. मावसभावाला ओलाव्याच्या मोजणीची पद्धत कृषी विज्ञान केंद्रातल्या एका तज्ज्ञाने दोन तासांत शिकवली. फी काही नव्हती.

एक कळकळीची सूचना. "नोकरीची हमी", "फी हप्त्याने" असं म्हणत फोन येतात. माझ्या एका मैत्रिणीने असा कोर्स घेतला. ती ज्याला फीचा हप्ता समजत होती, ते तिच्या नावावरचं कर्ज निघालं. दोन महिन्यांनी शिकवणी आवडली नाही म्हणून कोर्स सोडला, तरी हप्ते चालूच राहिले. सही करण्याआधी एवढंच विचारा: मी उद्या सोडलं तर पैसे कुणाला आणि किती द्यायचे? उत्तर लेखी घ्या.

सातवी पायरी: वही मिटून शिका

आमच्या वयाला वाचलेलं टिकत नाही, ही तक्रार सगळे करतात. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की विसरणं सगळ्यात जोरात पहिल्या काही तासांत आणि दिवसांत होतं, मग मंदावतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं. प्रयोगातली ती सगळी कॉलेजची तरुण मुलं होती. म्हणजे विसरणं वयाच्या माथी मारायच्या आधी पद्धत तपासून बघा.

मी असं करते. पहाटे आधी कालचं, काही न बघता, एका कोऱ्या अर्ध्या पानावर लिहायचं. मगच नवं उघडायचं. तेच तीन दिवसांनी पुन्हा, दहा दिवसांनी पुन्हा. आणि नवी कल्पना आधी मराठीत सांगायची. "रिपीटेबिलिटी" आणि "रिप्रोड्युसिबिलिटी" हे दोन शब्द मी वर्षानुवर्षं पाठ म्हणत होते. अर्थ कळला तो एका रविवारी स्वयंपाकघरात.

सासूबाईंनी ज्वारीच्या पाच भाकरी टाकल्या होत्या. मुलाची ३० सेंटिमीटरची पट्टी घेतली. मी, मुलगा आणि सासूबाई, तिघांनी पाचही भाकरी दोन-दोनदा मोजायच्या आणि आकडा दुसऱ्याला दाखवायचा नाही. ३० आकडे झाले. मी दुसरी भाकरी आधी २१.२ मोजली आणि नंतर २०.६. माणूस तोच, पट्टी तीच, भाकरी तीच, तरी फरक. ही रिपीटेबिलिटी. त्याच भाकरीचा मुलाचा आकडा माझ्यापेक्षा प्रत्येक वेळी मोठा. माणूस बदलला की फरक, ही रिप्रोड्युसिबिलिटी. मी वहीत हे लिहीत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, भाकर एकीकडून लांब असती, एकीकडून आखूड. कुठून मोजायची तेच ठरलं नाही, तर आकडा एक कसा यील?"

मी पट्टी खाली ठेवली. आमच्या बोअरला आतून किंचित उतार असतो. तीन इन्स्पेक्टर तीन वेगवेगळ्या खोलीवर गेज टेकवत होते, आणि कुठल्या खोलीवर मोजायचं हे आमच्या कामाच्या सूचनेत लिहिलेलंच नव्हतं. सोमवारी मी सुपरवायझर दादांना विचारून गेजच्या दांड्यावर ठरलेल्या खोलीवर एक कॉलर, म्हणजे गेज त्याहून आत जाऊ न देणारी कडी, बसवून घेतली. नग तेच, माणसं तीच. पुन्हा ९० आकडे घेतले. २२ चे १२ झाले. १० च्या आत अजून नाही, आणि उरलेल्यात गेजचा वाटा मोठा आहे, हे आता मी फळ्यावर काढून दाखवू शकत होते.

३१ जानेवारीला चार इन्स्पेक्टरना सांगायचं होतं, सहा जण आले. मी भाकरीपासूनच सुरुवात केली.

आठवी पायरी: पगाराच्या दिवशी हिशेब

महिन्यातून एकदा, पगार जमा होतो त्या संध्याकाळी, १५ मिनिटं वही उघडायची. किती तास ठरले, किती झाले, काय हातात आलं. तीन ओळी पुरतात.

तास कमी पडले तर दोनच गोष्टी करता येतात: तारीख पुढे ढकला, किंवा वाक्य लहान करा. काहीही केलं तरी ते लिहून करा आणि ज्या माणसासमोर करून दाखवायचं आहे, त्याला सांगा. मी एकदा तारीख तीन आठवडे पुढे नेली. साहेबांना सांगताना जड गेलं, पण सांगितलं म्हणून अभ्यास सुटला नाही.

अडचण आधीच ठाऊक असते, तर तिचं उत्तरही आधीच लिहून ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये "असं झालं तर मी असं करेन" या धाटणीच्या आखणीचा परिणाम मांडला. मी लिहिलेलं असं: पाणी पहाटे आलं, तर त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अर्धं पान आठवून लिहायचं. पाहुणे आले, तर रविवारचे दोन तास शनिवारी रात्री. सलग दोन आठवडे काहीच झालं नाही, तर तिसऱ्या आठवड्यात फक्त एकच पहाट, बाकी काही ठरवायचं नाही.

आणि एखादं ध्येय सोडायचं असेल तर सोडा. तीन महिन्यांत ते कामात एकदाही लागलं नाही आणि उघडावंसंही वाटलं नाही, तर त्याच्यावर रेघ मारा, तारीख टाका, कारण एका ओळीत लिहा. डेटा ॲनालिटिक्सवर मी अशीच रेघ मारली. दोन वर्षांनी, ९० आकड्यांचे आलेख काढताना ते पुन्हा लागलं, तेव्हा मी त्यातले दोनच धडे शोधून केले आणि तेवढ्यावर काम झालं.

पुढचं वाक्य

एक ध्येय संपल्यावर लगेच दुसरं घेऊ नका. महिनाभर जाऊ द्या. जे शिकलो ते कामात मुरतं, घरच्यांनाही जरा उसंत मिळते. मग तीन रकान्यांचं पान नव्याने आखा. जुनं पान बघून भरू नका. आधीच्या मधल्या रकान्यातली एक-दोन नावं पहिल्यात गेलेली दिसतील आणि मधल्यात नवी आलेली असतील.

माझं ताजं पान गेल्या रविवारी झालं. गेज आर अँड आर पहिल्या रकान्यात आहे. एट-डी रिपोर्टही. मधल्या रकान्यात सगळ्यात वर लिहिलंय: "युरोपच्या ग्राहकाचा कार्बनचा तक्ता. दर तीन महिन्यांनी भरते. एका नगामागे वीज कशी धरली, ते कळत नाही." खाली तारखेची जागा मोकळी आहे. समोरच्या माणसाच्या जागी मी मेंटेनन्सच्या इलेक्ट्रिशियन दादांचं नाव लिहिलंय. मीटरचं रीडिंग तेच घेतात. उद्या चहाच्या सुट्टीत त्यांना विचारणार आहे.